शेळ्या दरवर्षी गरगर फिरून दगावत असतील, तर जंताची गोळी आधी कुत्र्याला द्या

नागपूर–काटोल रस्त्यावर, कळमेश्वरच्या पुढे, आमची चार एकर जमीन आहे आणि तिच्यावर बेरारी व उस्मानाबादी मिळून तीसेक शेळ्या, साठ-सत्तर गावरान कोंबड्या आणि राखणीची दोन गावठी कुत्री असा आमचा पसारा आहे. येथे सलग तीन वर्षे एकच दुखणे परत परत येत राहिले. दिवाळी झाली की कळपातली एखादी वर्षभराची पाठ (न व्यालेली तरुण शेळी) इतरांच्या मागे पडू लागे, मान एका बाजूला कलती ठेवून चाले, काही दिवसांनी एकाच दिशेने गरगर फिरू लागे आणि महिना-दीड महिन्यात खंगून मरे. पहिल्या वर्षी एक गेली, तेव्हा आम्ही तिला उन्हाची किंवा माराची बाधा समजलो. पुढच्या वर्षी दोन गेल्या. तिसऱ्या वर्षी पुन्हा दोघींना तेच झाले, तेव्हा मात्र हा योगायोग नाही हे मान्य करावे लागले. हाच त्रास ज्यांच्याकडे वारंवार होत असेल त्यांना तीन वर्षे वाया घालवावी लागू नयेत, यासाठी सगळे सविस्तर लिहीत आहे.

लक्षणे आधी नीट सांगतो, कारण ओळख पटण्यातच आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. पाचवी पाठ म्हणजे चांदी, कपाळावर पांढरा टिकला असलेली. पौषातल्या एका संध्याकाळी तिला गोठ्याच्या खांबाला बांधले होते. अर्ध्या तासाने पाहिले, तर ती डावीकडे फिरत फिरत दावे पूर्ण गुंडाळून बसली होती आणि कपाळ खांबाला टेकवून, जणू तो ढकलायचा आहे अशा जोराने, उभी होती. दावे सोडवून तिला मोकळे केले, तर ती पुन्हा डावीकडेच वळली. उजव्या डोळ्यासमोरून हात नेला तरी पापणी लवली नाही. डावा डोळा मात्र नीट पाहत होता. तोंडाजवळ सुबाभळीचा पाला धरला की ती घेई, पण दोन-तीनदा चावून थांबे आणि पाला ओठांतून तसाच लोंबत राही. ताप पाहिला तो १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे शेळीसाठी नेहमीचाच. नाकातून स्राव नाही, पोट फुगलेले नाही, लेंड्या व्यवस्थित. प्रकृती चांगली असलेले जनावर केवळ डोक्याने हरवत चालले आहे, असे ते दृश्य होते.

त्यापूर्वी आम्ही काय काय करून पाहिले, तेही सांगणे आवश्यक आहे. शेळ्यांना वर्षातून चार वेळा जंताचे औषध नियमित दिले जात होते, त्यामुळे जंतांची शंका आम्ही मनातूनच काढून टाकली होती, आणि हीच आमची मोठी चूक ठरली. क्षार मिश्रण बदलले, सरकीची ढेप कमी केली, जीवनसत्त्वांची इंजेक्शने दिली. एका औषध विक्रेत्याच्या सांगण्यावरून पाच दिवस प्रतिजैविकही दिले. कोणी बाहेरची बाधा सांगितली, कोणी डागणी सुचवली. दुसऱ्या वर्षी एका पाठीच्या कपाळावर आम्ही खरोखरच डाग देऊ दिला. तिचे दुखणे त्याने तिळभरही हलले नाही, उलट शेवटच्या दिवसांत त्या मुक्या जिवाला जखमेचा त्रास आणखी सोसावा लागला. याचे आम्हाला आजही वाईट वाटते. कोणी डागणी सुचवली, तर ती मुळीच देऊ नये.

चांदीला पाहायला आलेल्या पशुवैद्यकांनी तिच्या कवटीवरून अंगठा दाबत नेला, एका जागी थांबले आणि म्हणाले, “भाऊ, कुत्री किती आहेत तुमच्याकडे? आणि त्यांना जंताची गोळी शेवटची कधी दिली?” कुत्री दोन, आणि गोळी कधीच नाही, हे आमचे उत्तर होते. रेबीजची लस आम्ही दरवर्षी टोचून घेत होतो, तेवढ्यावर कुत्र्यांच्या आरोग्याचा विषय आमच्या दृष्टीने संपत होता.

चांदी नऊ दिवसांनी गेली. डॉक्टरांनी तिची कवटी उघडून दाखवली. मेंदूच्या डाव्या भागात, जेथे अंगठा थांबला होता त्याच्या खालीच, मोठ्या लिंबाएवढी पातळ पडद्याची पिशवी होती आणि तिच्यात स्वच्छ पाणी भरलेले होते. उजेडात धरल्यावर पडद्याच्या आतल्या बाजूला भिजलेल्या रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके पुंजक्या-पुंजक्यांनी चिकटलेले दिसले. त्यांतला प्रत्येक ठिपका म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात वाढू शकणाऱ्या एकेका पट्टकृमीचे डोके होते. अशी एक पिशवी कुत्र्याने खाल्ली, तर त्याच्या पोटात एकाच वेळी कितीतरी कृमी रुजू शकतात.

या रोगाला गिड किंवा चक्री म्हणतात. टीनिया मल्टिसेप्स नावाचा पट्टकृमी, ज्याला बोलताना सरसकट टेपवर्म म्हटले जाते, तो कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो आणि साधारण हातभर ते दोन हात लांब होतो. त्याचे अंड्यांनी भरलेले तुकडे विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ही अंडी गवताला, पाल्याला, कुटाराला (मळणीनंतरच्या भुशाला) किंवा पाण्याला लागून शेळीच्या पोटात जातात, तेथे फुटतात, त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि त्यांतले जे मेंदूपर्यंत किंवा पाठीच्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात तेवढेच तेथे पिशवी होऊन वाढतात. पिशवी मोठी व्हायला काही महिने लागतात. म्हणूनच पावसाळ्यात ओल्या गवताबरोबर पोटात गेलेल्या अंड्यांचा परिणाम आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत दिसत होता आणि कारण व परिणाम यांच्यामध्ये इतके अंतर पडल्यामुळे त्यांचा संबंध आमच्या ध्यानात येत नव्हता. सहा महिने ते दीड वर्ष या वयातली जनावरे याला जास्त बळी पडतात. लहान करडाच्या पोटात एकाच वेळी पुष्कळ अंडी गेली, तर पिशवी तयार होण्याच्या आधीच मेंदूला सूज येऊन ते काही दिवसांत दगावू शकते. शेळ्यांमध्ये अशा पिशव्या कधी कधी स्नायूंत आणि कातडीखालीही होतात, त्यामुळे मांडीवर किंवा मानेवर मऊ, पाणी भरल्यासारखी गाठ दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

आता कुत्र्याला हा कृमी मिळतो कोठून, याचे उत्तर आमच्या घरातच होते आणि ते स्वीकारणे आम्हाला जड गेले. मेलेल्या पाठी आम्ही नाल्याच्या पलीकडे टाकून देत होतो. पहिल्या वर्षी आमच्या मोती कुत्र्याने त्यांतलेच एक डोके अंगणापर्यंत ओढत आणलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, त्याला हाकलले होते आणि विसरून गेलो होतो. कुत्र्याने मेंदूतली पिशवी खाल्ल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत कृमी वाढून अंडी टाकू लागतो. म्हणजे एका हिवाळ्यात मेलेली शेळी पुढच्या हिवाळ्यातल्या दोन शेळ्यांच्या मरणाची तयारी करून जात होती आणि मध्ये दुवा होता तो आमचाच राखणदार. शिवाय आखाडीला गावात बोकड कापले जातात, तेव्हा कच्चे तुकडे, मुंडीची हाडे, कलेजा-फुप्फुसाचे टाकून दिलेले भाग कुत्र्यांपुढे पडतात, तो दुसरा मार्ग.

येथे कोंबड्यांचा भागही लक्षात घ्यावा लागतो. आमची कुत्री रात्री तुरीच्या कुटाराच्या ढिगावर झोपत, कारण ती जागा थंडीत उबदार असते, आणि पहाटे त्याच्याच कडेला विष्ठा करत. सकाळी खुराडे उघडले की कोंबड्या थेट तेथे जाऊन उकरायला लागत आणि विष्ठा पायांनी विस्कटून कुटारात मिसळत. त्यानंतर तेच कुटार टोपल्यात भरून गव्हाणीत जाई. चराईच्या रानात शेळीला अंडी मिळण्याची जेवढी शक्यता असते, त्याहून कितीतरी जास्त शक्यता आम्ही गोठ्यात स्वतःच्या हातांनी निर्माण करत होतो. ज्यांच्याकडे शेळ्या, कोंबड्या आणि कुत्री एकाच अंगणात आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी औषधाच्या दुकानात जाण्याआधी पहाटे उठून फक्त एवढेच पाहावे की कुत्रे कोठे झोपते, कोठे घाण करते आणि कोंबड्या कोठे उकरतात.

गरगर फिरणारी प्रत्येक शेळी गिडनेच आजारी असते असे मात्र नाही, आणि येथे घाई केल्यास नुकसान होते. सर्वांत आधी रेबीजचा विचार करावा. शेळीला अलीकडच्या काळात कुत्रे किंवा कोल्हा चावल्याची शंका असेल, आवाज बदलला असेल, लाळ गळत असेल, ती अंगावर धावून येत असेल, तर तिच्या तोंडात हात घालू नये, औषध पाजण्याचा प्रयत्न करू नये, तिला वेगळे बांधून ताबडतोब पशुवैद्यकांना बोलवावे. लाळेशी संपर्क आला असेल, तर ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन स्वतःसाठी लगेच दवाखाना गाठावा. लिस्टेरिया या जिवाणूच्या रोगातही शेळी एका बाजूला फिरते, पण त्यात बहुधा ताप असतो, चेहऱ्याच्या एका बाजूचा कान व पापणी लोंबते, तोंडातून चारा व लाळ गळते आणि सगळे काही दिवसांतच उरकते. बुरशी लागलेला किंवा बिघडलेला मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) खाऊ घातला असेल, तर ही शंका बळावते. धान्य अचानक जास्त खाल्ल्यावर होणाऱ्या थायमिनच्या (जीवनसत्त्व बी-१च्या) कमतरतेत दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे होते व मान आभाळाकडे वळते, आणि वेळेत बी-१चे इंजेक्शन मिळाल्यास जनावर लवकर सावरते. सतत शिंका येत असतील, नाकातून शेंबूड वाहत असेल, तर नाकात माशीच्या अळ्या असू शकतात. फक्त मागचे पाय लुळे पडले असतील आणि डोके शाबूत असेल, तर कारण वेगळे असू शकते किंवा पिशवी मज्जारज्जूत असू शकते, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. गिडची खूण म्हणजे त्याची संथ गती: ताप नसताना आठवड्या-आठवड्याने वाढत जाणारे एकाच बाजूचे फिरणे, बहुधा विरुद्ध बाजूच्या डोळ्याचे अंधत्व, डोके टेकवून उभे राहणे आणि काही जनावरांत कवटीचा एखादा भाग बोटाला मऊ लागणे. खात्री करायची असेल, तर मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन करून घेण्यासारखा दुसरा उपाय नाही. आम्ही पहिल्याच शेळीचे ते करून घेतले असते, तर पुढच्या चारही वाचू शकल्या असत्या.

आजारी शेळीवर उपचार काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पिशवी वरच्या भागात असेल, तर कवटीला छिद्र पाडून ती शस्त्रक्रियेने काढता येते आणि वेळेत नेलेली जनावरे बरी होतात. नागपुरात सेमिनरी हिल्सला १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शेळी उभी राहू शकते, खाऊ शकते, तोवरच तेथे नेण्याचा विचार करावा. ती आडवी पडल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. शेळ्यांना आपण नेहमी पाजतो त्या जंताच्या औषधाने मेंदूतली वाढलेली पिशवी जात नाही, म्हणून त्याचा डोस वाढवत बसू नये. गाभण शेळीच्या पहिल्या महिन्यात तर अल्बेंडाझोल हे जंताचे औषध देऊच नये, कारण गर्भाला त्याने धोका असतो.

खरा उपाय कुत्र्यापासून सुरू होतो. प्राझिक्वान्टेल हे औषध कुत्र्याच्या दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. बाजारात मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांमध्ये बहुधा प्राझिक्वान्टेल ५० मिलिग्रॅम असते आणि अशी एक गोळी १० किलो वजनाला पुरते. म्हणजे आमच्या वीस किलोच्या मोतीला दोन गोळ्या. पाकिटावरचे प्रमाण वाचावे, पिल्ले व गाभण कुत्रीसाठी डॉक्टरांना विचारूनच द्यावे, आणि वजन अंदाजाने न ठरवता एकदा काट्यावर करून घ्यावे. आम्ही कुत्र्याला उचलून स्वतःसह वजन करतो आणि मग आपले वजन वजा करतो. गोळी भाकरीच्या तुकड्यात गूळ लावून दिली की मोती लगेच खातो. काळू मात्र गूळ चाटून गोळी थुंकतो, त्यामुळे त्याची गोळी जिभेच्या मुळाशी ठेवून जबडा मिटून धरावा लागतो आणि त्यानंतरही पाच मिनिटे त्याच्याजवळ उभे राहावे लागते. गोळी दिली, म्हणजे पोटात गेली असे धरून चालू नये.

डोस दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस गोळीइतकेच महत्त्वाचे आहेत. औषधाने कृमी मरतो, पण त्याच्यातली अंडी मरत नाहीत, आणि ती याच दिवसांत मोठ्या संख्येने बाहेर पडतात. म्हणून कुत्र्यांना तेवढे दिवस एका जागी बांधून ठेवावे, सगळी विष्ठा फावड्याने गोळा करून जाळावी किंवा खोल पुरावी, आणि ती उकिरड्यावर किंवा शेणखतात कधीही टाकू नये. त्या जागेवर फिनाइल ओतून समाधान मानू नये, कारण या अंड्यांवर फिनाइलचा भरवसा धरता येत नाही. फरशी किंवा दगडाची जागा असेल, तर उकळते पाणी ओतावे. कोरडे कडक ऊन अंड्यांना मानवत नाही, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उघडी जमीन आपोआप बरीच निर्धोक होते. परंतु हौदाच्या कडेची ओल, मोरीजवळची सावली आणि कुटाराच्या ढिगाचा तळ भर उन्हाळ्यातही ओलसर राहतो, तेथे लक्ष ठेवावे लागते.

हा डोस आम्ही दर सहा आठवड्यांनी देतो, कारण नवा कृमी अंडी टाकण्याइतका वाढायला साधारण तेवढाच काळ लागतो. तीन महिन्यांनी एकदा दिल्यास मधले सहा आठवडे वाट मोकळी राहते. विष्ठेत कृमीचे तुकडे दिसत नाहीत म्हणून डोस टाळू नये, कारण ते दररोज पडत नाहीत. कुत्र्याच्या शेपटीखाली काकडीच्या बियांसारखे तुकडे दिसतात ते बहुधा पिसवांमुळे होणाऱ्या वेगळ्याच पट्टकृमीचे असतात, आणि त्यांचा शेळीच्या गिडशी संबंध नाही. तरी तेही याच औषधाने जातात, पिसवांचा बंदोबस्त मात्र वेगळा करावा लागतो.

मेलेले जनावर आता आम्ही नाल्याकडे नेत नाही. पाच फूट खोल खड्डा, खाली-वर कळीचा चुना, माती दाबून त्यावर दगड आणि दगडांवर बाभळीच्या काटेरी फांद्या, इतके करतो. आमची जमीन काळी कसदार असल्यामुळे उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि वास वर आला की कुत्री उकरू लागतात. म्हणून उथळ खड्डा येथे चालत नाही आणि चैत्र-वैशाखात एकदा जाऊन त्यावर माती ओढावी लागते. कुत्र्यांना कच्ची मुंडी, कलेजी, फुप्फुसे देणे पूर्ण बंद केले आहे. जे द्यायचे ते पातेल्यात खळखळून शिजवूनच देतो. याचे आणखी एक कारण आहे आणि ते माणसांशी निगडित आहे. शेळीच्या कलेजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या पिशव्या आढळतात, त्या बहुधा हायडॅटिड नावाच्या दुसऱ्या पट्टकृमीच्या असतात. त्या कच्च्या खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात व फुप्फुसात तशाच पिशव्या होतात. आमच्याकडे सुट्टीत येणारी भाची दिवसभर मोतीच्या गळ्यात हात टाकून बसते. तिला जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावणे आणि मोतीचा डोस न चुकवणे ही दोन्ही कामे आता सारख्याच काळजीने होतात.

कुत्री काढून टाकावीत असा सल्लाही आम्हाला मिळाला, पण तो आम्हाला पटत नाही. रात्री कोल्हा कुंपणाशी येतो, रानमांजर आणि मुंगूस खुराड्याच्या जाळीची फट शोधत फिरतात, आणि त्यांना रोखणारे या दोघांशिवाय येथे कोणी नाही. आम्ही फक्त जागा बदलल्या. फाटकाजवळ पत्र्याच्या सावलीत कुत्र्यांसाठी दीड फूट उंचीचा ओटा बांधून त्यावर जुनी पोती टाकली. तेथून त्यांना गोठा आणि खुराडे दोन्ही दिसतात, आणि हे महत्त्वाचे, कारण राखण दिसत नसेल तर ती कुत्री ओट्यावर थांबत नाहीत. कुटाराच्या खोलीला बारीक जाळीचे दार लावले. पाला जमिनीवर न टाकता मोळ्या बांधून शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगतो. गव्हाणी जमिनीपासून वर उचलल्या. कोंबड्या सकाळी आठनंतरच सोडतो. तोपर्यंत घमेले-फावडे घेऊन अंगणाची फेरी पूर्ण होते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण तिने आमचा धीर जवळजवळ सोडवला होता. हे सगळे सुरू केल्यानंतर पाचव्या महिन्यात आणखी एक पाठ फिरू लागली. तिच्या मेंदूतली पिशवी आमच्या उपायांच्या आधीचीच होती. पहिले आठ-दहा महिने अशा जुन्या लागणीच्या शेळ्या दिसू शकतात, त्यावरून उपाय फसला असे समजून डोस थांबवू नये. हिशेब ठेवायचा तो उपाय सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या करडांचा. आमच्याकडची अशी अकरा करडे आता दीड वर्षाची झाली असून त्यांतल्या एकीनेही मान कलवलेली नाही.

शेजारच्या धुऱ्यावर (बांधावर) शेळ्या चारणाऱ्या काकांची तीन कुत्री आमच्या नाल्यावर येतात. त्यांनाही आम्ही आमच्याच तारखेला गोळ्या देतो. खर्च आमचाच असतो, पण काकांनी आपल्या मेलेल्या जनावरांसाठी आमचाच खड्डा वापरायचे कबूल केले आहे. गावाकडून रात्री येणाऱ्या मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त अजून अपुरा आहे. नाल्याच्या बाजूला साठ फूट कुंपण खालून उघडे आहे आणि मृगाचा पाऊस पडण्याआधी तेथे जाळी बसवून तिची खालची कड फूटभर जमिनीत गाडायची आहे.